तार तुटेपर्यंत

“तिच्याकडं बघत जा गं बाई जरा,” वैजूची आई मला म्हणाली. “ती दुखलंखुपलं सांगायची न्हाई. आतल्या आत ऱ्हायाची खोड हाय तिला.”

खंडेनवमी होती. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. सेंट्रीफ्यूजला झेंडूचा हार, पिपेटांच्या स्टँडला हळदकुंकू, डीप फ्रीजरच्या दारावर रांगोळीच्या पिठाने काढलेलं स्वस्तिक. काकू गडहिंग्लजहून मुलीकडे आल्या होत्या आणि मुद्दाम पूजा बघायला आल्या होत्या. पेढ्याचा द्रोण हातात धरून त्यांनी मला दाराशी गाठलं होतं.

“पाचवीत असताना जांभळीवरनं पडली. हात मोडला. आणि चुलत्याच्या लग्नात त्याच हातानं मीठ-लोणचं वाढत फिरली दिवसभर. सांजच्याला हात भोपळ्यागत सुजला तवा आमाला कळलं.”

मी हसले. “काकू, उलटंच आहे. तीच माझ्याकडे बघते.”

“तेच म्हणतो न्हवं का मी,” काकू म्हणाल्या. तेवढ्यात वैजू आली, आईच्या हातातला द्रोण काढून घेत म्हणाली, “काय पढवतीयस गं तिला? चल, तुला पेशी दाखवते.” काकू तिच्यामागे गेल्या. मी पेढा खाल्ला आणि पाळणाघरात फोन करायला व्हरांड्यात गेले.

तेव्हा मी दिवसातून किती वेळा पाळणाघरात फोन करायची ते सांगायला आज लाज वाटते. सई सात महिन्यांची होती. एमएस्सी करून मिळालेली प्रोजेक्ट असिस्टंटची जागा बाळंतपणानंतर परत मिळाली म्हणून सगळे मला नशीबवान म्हणत, आणि मी सकाळी सईला शोभामावशींच्या कडेवर देऊन निघाले की बसमध्ये बसून डोळे पुसायची. ती रडली तर मला काळजी. ती रडली नाही तर जास्त काळजी. घरी सासूबाई म्हणायच्या, “आम्ही काय मुलं वाढवलीच नाहीत?” नवरा म्हणायचा, “तू गूगल बंद कर आधी.”

वैजूने मात्र माझी थट्टा करता करता मला सांभाळलं. वैजयंती नलवडे, पीएचडीचं शेवटचं वर्ष, आमच्या लॅबमधली सगळ्यात जुनी मुलगी. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की सेंट्रीफ्यूज चालू असतानाही ऐकू यावा. मला दूध काढायला जागा नव्हती तर तिने स्टोअररूममधले खोके हलवून खुर्ची टाकली, आतून कडी बसवून घेतली आणि आमच्या लॅबच्या प्रमुख राजवाडे मॅडमना सांगून आली, “मॅडम, या वेळात स्टोअर बंद राहील. आत महत्त्वाचं शुद्धीकरण चालू असतं.” मॅडमनाही हसू आवरलं नाही.

फोनसाठी तिने मला एक नियम घालून दिला होता. “हात फोनकडे गेला की आधी हातातलं एक काम पुरं करायचं. मग फोन. काम संपेपर्यंत तुला आठवणारही नाही कशासाठी करत होतीस.”

“आणि खरंच काही झालं असलं तर?”

“तर त्या करतील की! शोभामावशींना काय हात नाहीत?”

मी प्रयत्न करायची. जमायचं नाही. ती मला रागवायची, आणि संध्याकाळी निघताना पर्समध्ये दुधाची बाटली ठेवलीय की नाही ते स्वतः उघडून बघायची.

दिवाळीनंतरचा तो दिवस तिच्या बॅचचा होता.

बॅच म्हणजे काय ते सांगते. वैजूचं सगळं संशोधन एका प्रोटीनवर होतं. साध्या, निरुपद्रवी जिवाणूंना ते तयार करायला लावायचं, मग जिवाणूंच्या पेशी फोडून आतल्या हजारो गोष्टींतून तेवढं एकच शुद्ध करून बाहेर काढायचं. ते बंगळूरला जाणार होतं, तिथले लोक त्याचे स्फटिक करून त्याची ठेवण शोधणार होते. पण या प्रोटीनचा स्वभावच डीएनएला चिकटून बसण्याचा. मागच्या दोन्ही वेळी बंगळूरहून एकच उत्तर आलं होतं: यात डीएनए आहे, आमच्या कामाचं नाही. वैजूची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी नाही झालं तर प्रबंधातलं मुख्य प्रकरणच गळेल, आणि त्यानंतर मुदतवाढ मागायला त्यांना तोंड राहणार नाही.

तिने जिवाणू वाढवून, गोळा करून गोठवून ठेवले होते. चांगले तेवढेच उरले होते.

मी सकाळी पोचले तेव्हा पेशी फोडून झाल्या होत्या. बर्फाच्या टबात चंचुपात्र आणि त्यावर ओणवी झालेली वैजू. पेशी फुटल्या की आतला डीएनए बाहेर सांडतो आणि सगळं मिश्रण असं घट्ट, बुळबुळीत होतं की शेंबूडच म्हणा. आमचं प्रोटीन नाजूक, त्याला आवाजाच्या लहरींचा मार सोसत नसे, म्हणून पेशी एन्झाइमने हळूच फोडायच्या. मग डीएनएचे धागे अख्खेच्या अख्खे राहायचे. तसं मिश्रण पुढे कॉलममध्ये, म्हणजे प्रोटीन गाळून वेगळं करायच्या नळीत, घातलं तर कॉलम तुंबणार. म्हणून न्यूक्लिएज घालायचं. न्यूक्लिएज म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम. त्याचे चार थेंब पडले की थोड्या वेळात सगळं पाण्यासारखं पातळ होतं. ते बघायला मला फार आवडायचं.

“घातलंस?” मी ॲप्रन चढवत विचारलं.

“केव्हाच.”

तिने पिपेट वर उचललं. टोकाला लोंबणारी तार चंचुपात्रापर्यंत तशीच होती. साखरेच्या पाकाची असते तशी, तुटता तुटत नव्हती.

“अजून थोडं थांबू,” ती म्हणाली.

थांबलो. चंचुपात्र बर्फाबाहेर काढून पाहिलं, हलक्या हाताने हलवलं. पुन्हा पिपेट वर. तार तशीच.

“एन्झाइम मेलंय का गं?” मी विचारलं.

“नवीन बाटली आहे. परवाच फोडली.” तिचा आवाज चढला. “वेळ जातोय, केतकी. पेशीतले दुसरे एन्झाइम माझं प्रोटीन खात बसलेत आणि हे बघ, ढिम्म!”

ते खरंच होतं. एकदा पेशी फोडल्या की मागे फिरता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही. प्रोटीन कॉलमवर चढून, धुऊन, खाली उतरेपर्यंत त्याच्याजवळ कुणीतरी उभं राहावंच लागतं. आमच्याकडे बॅचच्या दिवशी लोक जेवायचेसुद्धा उभ्याने.

मी टेबल बघत होते. मला ती सवयच आहे. कुणाच्या घरी गेले तरी कुठली वस्तू जागची हललीय ते आधी दिसतं. प्रोटीन खाणाऱ्या एन्झाइमांना आवर घालायच्या गोळ्या आमच्याकडे दोन प्रकारच्या होत्या. एका बाटलीला निळं झाकण, दुसरीला पिवळं. पिवळ्या झाकणाच्या गोळीत ईडीटीए होतं. ईडीटीए मॅग्नेशियमला धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय न्यूक्लिएजची कात्री चालत नाही. मी नवी असताना हे मला वैजूनेच शिकवलं होतं, वहीत लिहून घ्यायला लावलं होतं, आणि पुढच्या दिवशी तोंडी विचारलं होतं.

टेबलावर पिवळं झाकण होतं.

“वैजू,” मी म्हणाले, “गोळी कुठली टाकलीस?”

तिने बाटलीकडे पाहिलं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिने मागे हात करून स्टूल शोधलं आणि त्यावर बसली.

“मी टाकली ही?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“मी,” ती म्हणाली. “असं मी केलं.”

मी तिला समजावलं की अजून काही बिघडलेलं नाही, ईडीटीए पकडून पकडून किती पकडेल, मॅग्नेशियम वरून जास्त घालू म्हणजे उरलेलं एन्झाइमला मिळेल. तिनेच मान डोलावत हिशेब सांगितला, मी मोजून घातलं. बोलताना तिचा डावा हात उजव्या खांद्यावर होता. खांदा दाबत होती.

“काय झालं खांद्याला?”

“उशी वाकडी झाली असेल. सकाळपासून धरलाय.”

“आणि चेहरा असा का पांढरा पडलाय?”

“ॲसिडिटी. चहा उपाशीपोटी झाला.” मग माझ्याकडे बघून हसली. “सुरू झाली तुझी तपासणी! सई पाळणाघरात आहे, आता दिवसभर माझ्यावर बसणार.”

“डॉक्टरकडे जाऊन येतेस का? मी बघते इथलं.”

“तू बघणार? पाळणाघराला फोन न करता?”

“नाही करणार.”

“पैज?”

“वैजू, मी सिरीयसली बोलतेय.”

“आणि मी काय जत्रेत आलेय? बंगळूरवाल्यांनी तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर मॅडम मला थेट गडहिंग्लजला शेणी थापायला पाठवतील. उचल पिपेट.”

मी उचललं. तार आली, लांबली, आणि मध्येच तुटली. पुन्हा उचललं तेव्हा आलीच नाही. थेंब पडले. स्वच्छ, सुटे, टप टप.

“सुटलं!” वैजू ओरडली, आणि उठून मला मिठी मारायला गेली ती टेबलाला धरून मध्येच थांबली. डोळे मिटले. कपाळावर घाम होता. एसी चालू होता, बर्फाचा टब शेजारी होता, आणि तिच्या कपाळावर घाम होता.

“काही नाही,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “उठले पटकन. थांब जरा.”

दुपारपर्यंत आम्ही कॉलम लावला. सेंट्रीफ्यूजमधून निवळलेलं पाणी हळूहळू नळीतून खाली जात होतं. प्रोटीन कॉलमला धरून बसणार, बाकीचं वाहून जाणार. मग मिठाचं प्रमाण वाढवून धुवायचं, म्हणजे डीएनएचे तुकडे जातात आणि न्यूक्लिएजही जातं. ते मागे राहिलं तर पुढे बंगळूरचे लोक स्वतः निवडलेल्या ज्या डीएनएबरोबर प्रोटीन ठेवतील तोही कापून काढेल. इतकं आपलं काम करून दिलेलं असतं, पण त्याला एक कणभरही आत ठेवता येत नाही.

मी डबा उघडला. वैजूने तिचा उघडला, एक घास घेतला आणि झाकला.

“भाकरी तुझी आवडती आहे की.”

“नंतर खाते.”

“डोकं दुखतंय का? गोळी देऊ?” माझ्या पर्समध्ये सगळ्या प्रकारच्या गोळ्या असायच्या, आणि वैजू ही त्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक होती. डोकं, कंबर, दाढ, काहीही झालं की “आण गं तुझं मेडिकल” म्हणायची.

“नको. गोळी नको.”

मी पर्स बंद केली. थोड्या वेळाने जेल, म्हणजे डीएनए उरलाय का ते तपासायची मऊ पातळ वडी, रंगवायची वेळ आली. डीएनए दिसावा म्हणून जेलला लावायचा रंग विषारी असतो. दरवेळी वैजू मला त्याला हात लावू द्यायची नाही. “तू अंगावर पाजतेस, बाजूला हो,” म्हणून स्वतः दुहेरी हातमोजे घालून करायची. त्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, “जेल तू करशील? नीट हातमोजे घाल. मी इथे कॉलमपाशी थांबते.”

मी रंगाची बाटली हातात धरून उभी राहिले. गोळी नको. रंग नको. सकाळी ॲसिडिटी, आता भाकरी नको, घाम, भोवळ. विसरायची नाही ती गोष्ट विसरली. मी बाटली खाली ठेवली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

वैजूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तिने आणि विश्वजितने उपचार घेतले होते, मध्ये सोडले होते, परत घेतले होते. हे ती कधी बोलायची नाही. माझ्या डोहाळजेवणाला ओटी भरायला कुणीतरी तिला पुढे होऊ दिलं नव्हतं, तेव्हा ती फक्त “मी फोटो काढते” म्हणाली होती. ते मी पाहिलं होतं.

“वैजू,” मी म्हणाले. “काही आहे का?”

“काय असणार?”

“माझ्याकडे बघून बोल.”

तिने पाहिलं. ओठ दाबून धरले होते, पण डोळे तिला दाबता येईनात. ते भरून आले, हसले. मग तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हातमोजा काढलेला, बर्फात राहून गारठलेला हात.

“विचारू नकोस,” ती म्हणाली. “तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नसतं. आईलाही नाही सांगितलेलं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. कळलं?”

मी मान हलवली. मी तिला धरून रडले आणि ती म्हणत राहिली, “अगं कॉलम, कॉलम बघ, पाणी संपेल.”

मला कळलं होतं. आणि कळलं म्हणूनच मी निश्चिंत झाले. सकाळपासून मी तिच्या चेहऱ्यावर जे जे टिपत होते त्या सगळ्याला एकदम एक गोड नाव मिळालं. सईच्या वेळी मीही अशीच पांढरीफटक पडायची, मलाही भोवळ यायची, मीही गॅसवर दूध ठेवून विसरायची. आई म्हणायची, चांगलं लक्षण आहे. मी वैजूला खुर्ची आणून दिली, पायाखाली खोका दिला, पाण्याची बाटली भरून ठेवली. “खांदा चोळून देऊ?” म्हणाले, आणि तिने “दे” म्हटल्यावर तिच्या मागे उभी राहून बराच वेळ खांदा चोळत राहिले. ती डोळे मिटून बसली होती.

“मुलगी झाली तर तुझ्या सईचे कपडे ढापणार हं मी,” ती मध्येच पुटपुटली.

“तू तर काहीच सांगितलं नव्हतंस ना मला?”

“नाहीच सांगितलं.”

“मग कुठली मुलगी?”

ती हसली, आणि हसताना पोटावर हात दाबून वाकली. “हसवू नकोस गं बाई.”

तेव्हाच फोन आला. शोभामावशींचा. सईचं अंग कोमट लागतंय, दूध घेत नाही, तुम्ही या तर बरं.

मी फोन हातात घेऊन वैजूकडे पाहिलं. ती आधीच माझी पर्स शोधत होती.

“जा.”

“तुला सोडून कशी जाऊ?”

“मी काय तान्ही आहे? आता फक्त प्रोटीन उतरायचंय. नळ्यांमध्ये घ्यायचं, फ्रीजरला लावायचं, आणि विश्वा येतोच आहे न्यायला. तू जा. ताप मोजल्याशिवाय डॉक्टरकडे धावू नकोस, दात असतील.”

“नक्की बरी आहेस?”

“केतकी. जा.”

मी गेले.

सईला दातच येत होते. खालची हिरडी सुजली होती. मी तिला घेऊन घरी आले, थंड गाजर चावायला दिलं, ती लाळ गाळत हसली. मी लगेच वैजूला फोन लावला.

“एकच आलाय!” तिने उचलताच सांगितलं. संगणकावर प्रोटीन उतरताना जी रेघ वर चढते, तिला आम्ही डोंगर म्हणायचो. शुद्ध असेल तर एकच डोंगर. “एकच, केतकी. सुळका आहे नुसता. मागे पुढे काही नाही. तू बघायला हवी होतीस.” तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता, पण त्यात आनंद होता. खूप आनंद होता.

“मग आता घरी जा.”

“हो. एवढं बर्फात ठेवते. सई?”

“दात.”

“बघ,” ती म्हणाली. “सांगितलं नव्हतं?”

नंतर मला तिला परत फोन करावासा वाटला. सईला भात भरवताना वाटला, आंघोळ घालताना वाटला. प्रत्येक वेळी मी हातातलं काम आधी पुरं केलं. दोनदा तर हसूच आलं. बाई मला शिकवून शिकवून शहाणं करून गेली, आता तिलाच सारखा फोन करून त्रास कशाला. सई झोपली. मी तिच्या जुन्या झबल्यांची पिशवी माळ्यावरून काढली आणि चांगली राहिलेली बाजूला काढायला बसले.

फोन विश्वजितचा आला.

“केतकी, वैजू तुझ्याबरोबर आहे का? खाली गेटपाशी थांबलोय. फोन उचलत नाहीये.”

“वर जा,” मी म्हणाले. “विश्वजित, आत्ता वर जा.”

ती फ्रीजरच्या खोलीत जमिनीवर होती. विश्वजितने आणि वॉचमनने उचलून गाडीत घातलं. मी सईला सासूबाईंकडे टाकून दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. आम्ही बाकावर बसलो. विश्वजितच्या शर्टाला तिच्या ॲप्रनची निळी शाई लागली होती. मॅडम आल्या, दोघं तिघं रक्त द्यायला आले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि ते पाहून मला पुढचं कळलं.

त्यांनी फार सावकाश सांगितलं. गर्भ पिशवीत नव्हता, बीजनळीत होता. नळी फुटली होती. पोटात रक्त साठत होतं, बहुधा सकाळपासून थोडं थोडं, आणि मग एकदम.

“तिला काही त्रास होत होता का?” त्यांनी विचारलं.

“ॲसिडिटी म्हणाली,” मी सांगितलं. “भोवळ. घाम. आणि खांदा दुखत होता.”

त्यांनी मान खाली घातली. “पोटात रक्त साठलं की ते छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं. त्याची कळ खांद्यात येते.”

सकाळी मी बाटलीच्या झाकणाचा रंग पाहिला होता. मॅग्नेशियम कमी पडतंय हे ओळखलं होतं. आम्ही दोघी मिळून शरीराच्या सगळ्यात बारीक कणांबद्दल इतकं काही जाणत होतो. आणि खांदा मी चोळून दिला होता.

विश्वजितने शर्टावरचा डाग अंगठ्याने घासला. मग म्हणाला, “गुरुवारी पहिली सोनोग्राफी होती. मागच्याच आठवड्यात करायची होती. बॅच झाली की जाऊ म्हणाली.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तुला सांगितलं होतं का तिने?”

“नाही,” मी म्हणाले.

“सांगणार होती. तीन महिने झाले की आईच्याही आधी तुला सांगणार होती. म्हणायची, ती रडेल, मला बघायचंय.”

काकू आल्या त्या रडत नव्हत्या. मी समोर गेले तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मी म्हणाले, “काकू, तुम्ही सांगितलं होतं मला.” तर म्हणाल्या, “तुला सांगटलं, पन तिला कोन सांगनार व्हतं?” आणि मग त्यांनी विचारलं, “लई दुखलं का गं तिला?”

तिच्या प्रोटीनच्या नळ्या बर्फातच सापडल्या. पडण्याआधी तिने त्यांच्यावर नावं टाकली होती. बंगळूरला पाठवण्याआधी न्यूक्लिएज खरंच धुऊन गेलंय का ते बघावं लागतं, आणि ते मी केलं. तिचं प्रोटीन आणि थोडा अख्खा डीएनए एकत्र ठेवायचा; आत कापणारं काही राहिलं असेल तर डीएनए तुटून जेलवर धुरासारखा पसरतो. मी अंधाऱ्या खोलीत जेल दिव्यावर ठेवलं. डीएनएचा पट्टा सरळ होता. धारदार, अख्खा. इतकं शुद्ध काम आमच्या लॅबमध्ये कुणी केलं नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या. प्रबंध तिच्या नावाने झाला. विश्वजित तिची पदवी घ्यायला स्टेजवर गेला आणि खाली उतरताना पायऱ्या चुकला.

सई आता तिसरीत आहे. शाळेत पडली, खरचटलं तर मला येऊन सांगते. ती सांगते तोवर मी ऐकत असते, हातातलं काम बाजूला ठेवून.

हे मी फार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुमच्या ऑफिसात, शेजारी, घरात अशी एखादी असेल, जी सगळ्यांचे डबे उघडून बघते आणि स्वतःचा झाकते. तिची तब्येत कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटत असेल. हे वाचून झालं की उठा आणि तिच्याकडे जा. “बरी आहेस ना” असं विचारू नका, त्याला “हो” म्हणता येतं. “कुठे दुखतंय” असं विचारा. आणि ती सांगेपर्यंत तिथेच थांबा.